एकाच त्वचेवर दर वेळी वेगळा तरंगवेग: सरफेस वेव्ह इलास्टोग्राफीतली हटकून येणारी अडचण

पेशंट तोच, हात तोच, मनगटाच्या घडीपासून मोजून पेनाने केलेली खूणही तीच. शेकर, म्हणजे त्वचेला कंप देणारं छोटं यंत्र, लावला, त्या कंपाने त्वचेवरून पसरणारा पृष्ठतरंग अल्ट्रासाऊंडच्या प्रोबने मोजला, त्याचा वेग आला सेकंदाला २.१ मीटर. प्रोब उचलला, जेल पुसलं, पुन्हा लावलं तर २.६. तिसऱ्यांदा १.९. पाच मिनिटांत कोणाची त्वचा एवढी बदलत नाही. बदलतंय ते आपलं मोजमाप.

हा फरक किरकोळ समजू नका. सरफेस वेव्ह इलास्टोग्राफीत या वेगावरूनच त्वचेचा ताठरपणा काढतात. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे २.१ आणि २.६ यांचे किलोपास्कल काढले की दुसरा आकडा पहिल्याच्या दीडपट येतो. आणि हे मोजमाप ज्यांच्यासाठी करायचं ते बहुतेक वेळा स्क्लेरोडर्माचे, म्हणजे त्वचा घट्ट होत जाण्याच्या आजाराचे, पेशंट असतात. त्यांच्या त्वचेचा घट्टपणा आजही मुख्यतः चिमटीने तपासला जातो: सुधारित रॉडनन पद्धतीत शरीरावरच्या १७ जागी त्वचा चिमटीत धरून प्रत्येक जागेला ० ते ३ गुण, एकूण ५१. अनुभवी हाताला यातून पुष्कळ कळतं, पण दोन डॉक्टरांचे गुण जुळतीलच असं नाही, आणि थोडी सुधारणा या गुणांत दिसत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी आपण यंत्र आणलं. यंत्राचाच आकडा उड्या मारायला लागला, तर औषध लागू पडतंय की नाही हे त्यावरून कोणी सांगू शकणार नाही.

मांडणी थोडक्यात. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये ही पद्धत त्वचेसाठी वापरली गेली. काही मिलिमीटर व्यासाचं टोक असलेला छोटा शेकर त्वचेवर टेकवायचा, १००, १५० आणि २०० हर्ट्झवर प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग हलवायचा, आणि शेजारी ठेवलेल्या प्रोबने सेकंदाला २००० च्या आसपास चित्रं घेऊन तरंग पुढे सरकताना पकडायचा. टोकापासून जसजसं लांब जावं तसतशी हालचाल उशिरा पोचते, म्हणजे फेज मागे पडते. किती अंतरात फेज किती मागे पडली, यावरून वेग. बऱ्याच प्रयोगशाळा आता हेच थोड्याफार फरकाने करतात, आणि अडचणीही बऱ्यापैकी त्याच येतात.

आकड्याआधी रेघ

सॉफ्टवेअर शेवटी वेगाचा एक आकडा देतं आणि सगळ्यांची नजर तिकडेच जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी फेज आणि अंतर यांचा आलेख उघडा. खरं मोजमाप तो आलेख आहे, वेग हा त्याचा फक्त उतार. बिंदू सरळ रेघेत नसतील तर येणारा वेग कशाचाच वेग नाही, मग तो कितीही पटण्याजोगा दिसो.

रेघ सापासारखी वळवळत असेल तर तिथे एकाऐवजी दोन तरंग आहेत: एक शेकरचा, दुसरा कुठूनतरी परत फिरलेला किंवा टेबलातून आलेला. रेघ जवळजवळ आडवी असेल, म्हणजे सगळे बिंदू एकाच वेळी हलताना दिसत असतील, तर प्रोब स्वतःच हलतोय. शेकर आणि प्रोब एकाच स्टँडवर बसवले की हे हमखास होतं. अशा वेळी वेग अवास्तव मोठा येतो. दोघांना वेगवेगळे आधार द्या आणि मधून एक कागद सरकवून बघा. तो कुठे अडला तर ते टेकलेले आहेत.

सुरुवातीचे बिंदू वाकलेले असतील तर ते टोकाच्या फार जवळचे आहेत. तिथे तरंग अजून नीट घडलेला नसतो. ते सोडून द्या. शेवटचे विखुरलेले असतील तर तिथवर जाईतो तरंग विरून गेलाय. तेही सोडा. मधला सरळ तुकडा ठेवा आणि तो किती लांब उरला ते लिहून ठेवा.

एक चूक मात्र रेघ न बघणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. १५० हर्ट्झवर वेग २.५ मीटर असेल तर तरंगलांबी साधारण १७ मिलिमीटर होते. म्हणजे साडेआठ मिलिमीटर अंतरात फेज अर्ध्या फेऱ्याने मागे पडते. कोणी १० मिलिमीटर अंतरावरचे फक्त दोन बिंदू घेऊन हिशेब केला, तर फरक अर्ध्या फेऱ्याच्या पलीकडे जातो आणि संगणक तो उलट्या बाजूने मोजतो. म्हणून जवळजवळचे बरेच बिंदू घ्या, एकेक पायरीने फेज उलगडत न्या, आणि मगच रेघ बसवा.

रेघ सरळ, तरीही आकडे वेगळे

इथे खरी डोकेदुखी सुरू होते, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं: प्रोबचा दाब.

त्वचेतले कोलाजेनचे तंतू सैल अवस्थेत नागमोडी असतात. थोडं ताणलं तोवर त्वचा सहज ऐकते, मग तंतू सरळ झाले की एकदम ताठ होते. तबल्याचे गट्टे ठोकले की पुडी ताणून सूर चढतो, तसं प्रोब दाबला की त्याच्या खालची आणि आजूबाजूची त्वचा ताणून तरंगवेग चढतो. कोपरापुढच्या हातावर त्वचेची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. तिच्यावर अर्धा मिलिमीटर दाब म्हणजे किती मोठा बदल, याचा विचार करा. हाताला तो दाब जाणवतही नाही. सोनोग्राफीत वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांना तर चांगल्या चित्रासाठी प्रोब किंचित दाबायची सवयच असते. इथे ती सवय मोडावी लागते.

दाब आहे की नाही हे चित्रातच दिसतं, वेगळं यंत्र लागत नाही. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये जेलचा काळा पट्टा सलग दिसला पाहिजे, निदान २–३ मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांना सारखा. एका बाजूला पट्टा नाहीसा झाला असेल तर त्या बाजूला प्रोब टेकलाय. दुसरी खूण मला सर्वांत भरवशाची वाटते: कातडीखालच्या शिरा. दाब नसेल तेव्हा शीर चित्रात गोल किंवा लंबगोल दिसते. हलक्याशा दाबानेही ती चपटी होते, आणखी दाबली की मिटतेच. खुणेजवळ एखादी शीर असेल तर तिच्यासारखा दाबमापक नाही. शीर नसेल तर त्वचेची आणि चरबीच्या थराची जाडी दर वेळी चित्रावर मोजा. जाडी आधीपेक्षा कमी आली तर तो वेग आधीच्या वेगाशी ताडून बघू नका.

प्रोब हातात धरून हे साधत नाही. छोटा स्टँड, त्यावर वरखाली सरकणारा स्क्रू, आणि प्रोब जेलमध्ये फक्त बुडेल एवढाच खाली. एकदा दाबला गेला तर लगेच पुन्हा मोजू नका. त्वचेला मूळ आकार घ्यायला वेळ लागतो, आणि सूज असलेल्या पेशंटमध्ये तर खळगा बराच वेळ राहतो.

आपल्या मांडणीला दाबाची किती बाधा होते हे एकदा मुद्दाम तपासा. सहकाऱ्याच्या हातावर प्रोब पाव-पाव मिलिमीटर खाली आणत प्रत्येक पायरीला वेग नोंदवा. तो आलेख भिंतीवर लावा. नवीन येणाऱ्या विद्यार्थ्याला दहा सूचना देण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

जेलचं प्रकरण

जेल निरुपद्रवी वाटतं, पण ते तरंगाच्या वाटेवरच बसलेलं असतं. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये ज्या पृष्ठतरंगाचं गणित मांडलं, तो घन पदार्थाच्या मोकळ्या पृष्ठभागावरून जातो. मऊ, न दबणाऱ्या ऊतीत त्याचा वेग शिअर तरंगाच्या (ऊतीच्या आतून जाणाऱ्या, तिला आडवं हलवणाऱ्या तरंगाच्या) सुमारे ०.९५ पट असतो. पृष्ठभागावर द्रवाचा जाड थर आला की हाच तरंग द्रवालाही सोबत हलवतो आणि मंदावतो, सुमारे ०.८५ पटीपर्यंत. म्हणजे एकदा पातळ थरात आणि एकदा भरपूर जेलमध्ये मोजलं, आणि सूत्र दोन्हीकडे तेच वापरलं, तर ताठरपणात पाव भागाएवढा फरक निव्वळ जेलमुळे पडू शकतो. थराची जाडी ठरवा आणि ती सोडू नका. बरोबर जाडी कोणती यापेक्षा ती दर वेळी तीच असणं महत्त्वाचं.

घट्ट जेल-पॅड वापरणं सोयीचं असतं, पण मी टाळतो. पॅड स्वतः घन असल्यामुळे त्यातूनही शिअर तरंग जातो, आणि त्वचेला चिकटून तो तिचं वागणं बदलतो. पातळ, ओतता येणारं जेल बरं. ते ओघळू नये म्हणून खुणेभोवती हलकी कड करता येते, फक्त ती कड शेकरच्या टोकापासून लांब असू द्या.

हातावरच्या केसांत बुडबुडे अडकतात. जेल आधी बोटाने केसांच्या दिशेने चोळून घ्या, मग वरून थर द्या. आणि एक कळकळीची विनंती: जेल कोमट करून वापरा. स्क्लेरोडर्माच्या बहुतेक पेशंटना रेनॉडचा त्रास असतो, थंडीने बोटं पांढरी-निळी पडून दुखतात. एसीच्या खोलीत थंडगार जेल लावून त्यांना वेदना देण्याचं काही कारण नाही. शिवाय कुडकुडणारा हात स्थिर राहत नाही.

शेकर फार जोरात

सिग्नल कमी दिसला की लोक शेकरचा जोर वाढवतात. याला मर्यादा आहे, आणि ती मोजता येते. प्रोब ७ मेगाहर्ट्झचा असेल तर ध्वनीची तरंगलांबी ०.२२ मिलिमीटर. लागोपाठच्या दोन चित्रांत ऊती तिच्या पाव भागाहून, म्हणजे ०.०५५ मिलिमीटरहून जास्त सरकली, तर फेजवरून हालचाल काढणारी पद्धत दिशाच चुकते. २०० हर्ट्झवर आणि सेकंदाला २००० चित्रं असताना, मधल्या स्थितीपासून ०.१ मिलिमीटर मागेपुढे होणारी ऊती दोन चित्रांमध्ये जास्तीत जास्त ०.०६२ मिलिमीटर सरकते. मर्यादा ओलांडली गेली. गंमत म्हणजे हे टोकाजवळच्या बिंदूंतच घडतं, लांबचे बिंदू ठीक असतात, त्यामुळे रेघेची सुरुवातच बिघडते आणि टोकाजवळ तरंग नीट घडलेला नसतो यावर दोष टाकला जातो. शेकरचा जोर निम्मा करून पुन्हा मोजा. वेग तोच आला पाहिजे. बदलला तर जोर जास्त होता.

त्वचेच्या वरच्या चकचकीत रेघेवर हालचाल मोजू नका. तिथे सिग्नल बऱ्याचदा कमाल मर्यादेला भिडून सपाट झालेला असतो. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) कमी करा किंवा जरा खाली, त्वचेच्या आतला बिंदू घ्या.

आपल्याकडची ५० हर्ट्झ वीज

हा मुद्दा मला कुठल्या सूचनापत्रकात सापडला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. १००, १५०, २०० हे तिन्ही आकडे आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या पटीत आहेत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे पटी १२० आणि १८० वर पडतात, त्यामुळे तिथल्या मांडणीला ही अडचण येत नाही. आपल्याकडे स्टॅबिलायझर, यूपीएस, एसी यांचा १०० हर्ट्झचा गुणगुणाट टेबलातून थेट पेशंटच्या हातात उतरतो आणि शेकरच्या तरंगात मिसळतो. तो वेगळ्या दिशेने येतो, म्हणून रेघ वळवळते. एसी चालू-बंद होतो, म्हणून कधी वळवळते आणि कधी नाही. एकाच दिवशी आकडे मधूनच बिघडतात आणि आपोआप सुधारतात, तेव्हा मी आधी इकडे बघतो.

शेकर बंद ठेवून एक रेकॉर्डिंग घ्या आणि त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती कंप आहे याचा आलेख, काढा. १०० हर्ट्झवर शिखर दिसलं तर संशय खरा. हाताखाली जाड फोम ठेवा, यूपीएस टेबलावरून जमिनीवर उतरवा. आणि शक्य असेल तर वारंवारताच बदला. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन वारंवारता वेगळ्या ओळखायला निदान १० हर्ट्झचं अंतर लागतं, म्हणून ११० वर जाणं काठावरचं. १३० आणि १७० चांगल्या: विजेच्या पटींपासून २० हर्ट्झ किंवा जास्त दूर, आणि दहाव्या भागात पूर्ण १३ आणि १७ आवर्तनं बसतात. मात्र आधी १०० आणि १५० वर मोजलेल्या जुन्या नोंदींशी हे आकडे सरळ ताडता येणार नाहीत, कारण त्वचेत वारंवारता वाढली की वेगही वाढतो. त्यामुळे हा बदल अभ्यास सुरू होण्याआधी करा, अर्ध्यात नको.

साधं सोनोग्राफी यंत्र वापरत असाल तर

सगळं चित्र एका क्षणात टिपणारी यंत्रं महाग आहेत. साध्या यंत्रात चित्र एकेक रेषेने भरत जातं, आणि प्रत्येक रेष आधीच्या रेषेनंतर थोडी उशिरा घेतलेली असते. दोन रेषांमध्ये सेकंदाचा दहा हजारावा भाग आणि ०.३ मिलिमीटर अंतर धरा. १५० हर्ट्झवर या उशिरामुळे पडणारी फेज ०.०९४ रेडियन, आणि २.५ मीटर वेगाच्या खऱ्या तरंगामुळे पडणारी ०.११३. दोन्ही जवळपास सारख्या! रेषा तरंगाच्याच दिशेने भरल्या जात असतील तर त्या एकमेकींना खोडतात आणि वेग १५ मीटर दिसतो. उलट दिशेने भरल्या तर बेरीज होऊन १.४ दिसतो. दोन्ही वेळा रेघ अगदी सरळ, त्यामुळे शंकाही येत नाही.

तपासणी सोपी आहे. शेकर प्रोबच्या दुसऱ्या बाजूला ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंनी वेग साधारण सारखा आला पाहिजे. मोठा फरक आला तर उशीर वजा करा. वजा करायची सोय नसेल तर दोन वेगांच्या व्यस्तांची (१ भागिले वेग) सरासरी काढून तिचा व्यस्त घ्या. वेगांची सरळ सरासरी इथे साफ चुकते: १५ आणि १.४ ची सरासरी आठच्या वर जाते, व्यस्तांवरून मात्र २.५ च्या आसपासच येतं.

हात, स्नायू, दिशा

मूठ वळली की खालचा स्नायू ताठ होतो आणि त्याचा परिणाम वर दिसतो. हात उशीवर, तळवा ठरलेल्या बाजूला, बोटं सैल. पेशंटला बोलतं ठेवलं तर हात आपोआप सैलावतो. मोजण्याच्या क्षणी मात्र शांत.

व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये दाखवलं की त्वचेत गोल भोक पाडलं तरी ते लांबट होतं, कारण तिचा ताण सर्व दिशांना सारखा नसतो. तरंगाचा वेगही म्हणून दिशेप्रमाणे बदलतो. प्रोब हाताच्या लांबीला समांतर की आडवा, हे ठरवून पेनाने बाण काढा.

मॉइश्चरायझर, घाम, पावसाळी हवा यांची काळजी लोक फार करतात. त्याने बदलतो तो मुख्यतः सर्वांत वरचा अगदी पातळ थर, आणि आपला तरंग त्याच्या कितीतरी खोल जातो. त्या दिवशी क्रीम लावू नका एवढं सांगणं पुरेसं.

आकडा स्थिर झाला, पण तो कशाचा?

पृष्ठतरंग साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीपर्यंतची ऊती हलवतो. १०० हर्ट्झवर वेग २ मीटर असेल तर तरंगलांबी २० मिलिमीटर. दीड मिलिमीटर त्वचेपुढे हे फार मोठं आहे. म्हणजे या आकड्यात त्वचा आहेच, पण चरबी आणि स्नायूही आहेत. वारंवारता वाढवली की वरच्या थराचा वाटा वाढतो, पण तरंग लवकर विरतो आणि मोजायला अंतर उरत नाही. म्हणूनच एकाच वारंवारतेवर न थांबता दोन-तीन घ्याव्यात. पेशंटचं वजन सहा महिन्यांत बदललं असेल तर चरबीच्या थराची जाडी नोंदवल्याशिवाय वेगाची तुलना करू नका. बोटांवर आणि हाताच्या पाठीवर तर काही मिलिमीटरवर हाड असतं, तरंग पातळ थरात कोंडला जातो आणि जाड ऊतीसाठीचं सूत्र तिथे लागू पडत नाही. बोटाचा वेग फक्त त्याच बोटाच्या आधीच्या वेगाशी ताडा.

याच कारणाने मी डॉक्टरांना किलोपास्कल देत नाही, वेग देतो, वारंवारतेसह. किलोपास्कलमध्ये नेताना घनता, सूत्र, जेल, थर अशी बरीच गृहीतकं धरावी लागतात, शिवाय ताठरपणाची मापं दोन: कोणी शिअर मापांक लिहितो, कोणी यंग मापांक, आणि मऊ ऊतीत दुसरा पहिल्याच्या तिप्पट असतो. दोन रिपोर्टांत तिपटीचा फरक दिसला तर आधी हेच तपासा. क्युटोमीटरशी आकडे जुळत नाहीत अशीही तक्रार येते. ते यंत्र त्वचा पोकळीत ओढून ती किती परत येते ते सांगतं, आपण तिच्यावरून जाणाऱ्या बारीकशा तरंगाचा वेग सांगतो. दोन्हींचा कल एका बाजूला असावा एवढीच अपेक्षा ठेवा.

पुनर्मापनाबद्दल शेवटचं. प्रोब न उचलता लागोपाठ घेतलेली रेकॉर्डिंगं सुंदर जुळतात, पण त्यातून फक्त यंत्र शांत आहे एवढंच कळतं. प्रत्येक मापनानंतर प्रोब आणि शेकर पूर्ण उचला, जेल पुसा, नव्याने लावा. अशा निदान पाच मापनांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) नोंदवा आणि सोबत लहानात लहान व मोठ्यात मोठा आकडाही द्या. तेवढ्या मर्यादेतला बदल पुढच्या भेटीत दिसला तर तो पेशंटमध्ये झालेला बदल म्हणून लिहू नका. यंत्राचं स्वतःचं ठीक आहे की नाही हे जिलेटिनच्या ठोकळ्यावर तपासता येतं, फक्त ठोकळ्याचं तापमान आणि तो किती दिवसांचा आहे हे लिहा, कारण फ्रिजमध्ये ठेवलेलं जिलेटिन दिवसागणिक घट्ट होत जातं आणि खोलीत आणलं की मऊ पडतं.